चुलीवरची तार

रत्नागिरी
फाल्गुन शुद्ध चतुर्थी, शके १८५९

तुझ्या पिंडाला कावळा शिवला नाही. चांगली शहाणी माणसं भाट्याच्या समुद्राकाठी पुळणीवर उन्हात तिष्ठत ठेवलीस. भटजींच्या पायाला चटके बसले, ते एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते. कावळे होते. माडावर बसून आमच्याकडे असे बघत होते की जणू आम्हीच त्यांचं काही खाल्लंय.

चिरंजीव केरू यास आजी येसूचा आशीर्वाद. चिरंजीव लिहिलं आहे. खोडायचं असेल तर येऊन खोड.

हे पत्र तुझ्या बोटीवरच्या आत्मारामाच्या मुंबईच्या खोलीवर धाडते आहे. तुझी ट्रंक घेऊन तोच आला. ओटीवर बसला, पाणी प्यायला, मग म्हणाला, एडनच्या अलीकडे लाट आली आणि केरू डेकवर होता तो नव्हता. मी विचारलं, तू बघितलंस? म्हणाला, आजी, मी खाली होतो. म्हणजे बघितलं कोणी नाही. देह नाही म्हणून दर्भाचा पुतळा जाळला. कावळा येईना म्हणून भटजींनी दर्भाचाच कावळा करून पिंडाला लावला. सगळंच दर्भाचं, तर मेला तो तू की दर्भ? मी ते मानत नाही.

कबूल करायचं ते सगळ्यांनी केलं. तुझ्या सगुणाचा बाप भिकाजी पालीहून आला होता. हात जोडून म्हणाला, जावयबापू, पोरीला अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. आत्माराम म्हणाला, तुझी ट्रंक घरी पोचवली रे. ढिम्म. आपली घरमालकीण गंगुबाईसुद्धा पदर सावरून म्हणाली, म्हातारीला घराबाहेर काढणार नाही. त्यावर एक कावळा उडाला, पण गेला तो खाडीकडे.

तेव्हा मी घरी आल्यावर सांगितलं, खरा कावळा शिवेस्तोवर माझ्या नातसुनेचं कुंकू कोणी पुसायचं नाही. गंगुबाई म्हणाली, "येसूबाई, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोकांना म्हणायला तोंड दिलंय देवानं, त्यांनी म्हणावं.

तू जाताना माझ्या पाया पडला नाहीस ते मी विसरले नाही. भांडण काय होतं, तर तार. शहरात वीज आली तर माझ्या घरात पाहिजे, म्हणालास. घर तुझं नव्हे, भाड्याचं. गंगुबाईची अट, भिंतीला एक खिळा ठोकायचा नाही आणि तार डोळ्यांना दिसायची नाही. दुसरा असता तर गप्प बसला असता. तू आगबोटीवर बत्तीवाल्याच्या हाताखाली शिकलेला. चिव्याचे बांबू आणलेस, आतली पेरं तापल्या सळईनं फोडलीस, त्यांत तारा घातल्यास आणि ते बांबू खांबांना नि वाशांना सुंभानं बांधलेस. एक खिळा नाही. गंगुबाई शोधत फिरली, तिला तार गावली नाही. तू हसत म्हणालास, बोटीवर तार दिसली तर साहेब हाकलतो. तार अंगातल्या शिरेसारखी पाहिजे, आहे पण दिसत नाही.

ओटी झाली, माजघर झालं. स्वयंपाकघरात आलास तेव्हा मी आडवी आले. माझ्या चुलीवर तार नको. तू तार तशीच लोंबती सोडलीस, टोकाला फडकं गुंडाळलंस आणि म्हणालास, "हात लावू नकोस. आलो की लपवतो." आणि ट्रंक उचललीस.

ते फडकं अजून चुलीवर लोंबतंय. धूर लागून काळं झालंय. भाकरी थापताना माझ्या डोक्यावर असतं.

जिवंत असलास तर कळव. मेला असलास तरी काहीतरी खूण दे, म्हणजे या पोरीचं काय करायचं ते मला ठरवता येईल. तिला ना नवरा ना नवऱ्याचं मरण. माझं अक्षर वाचता येत नसेल तर दोष तुझा. तुझ्याच पाटीवर मी शिकले. पाच वर्षांचा तू, माझा हात धरून श्री गिरवून घ्यायचास आणि चुकलं की माझ्या बोटांवर पेन्सिल मारायचास.

येसू


रत्नागिरी
होळीनंतरचा मंगळवार

आलास तर ओटीवरून यावं. चोरासारखं मागीलदारानं येऊन कामं करून जायची, ही कुठली रीत?

आशीर्वाद. होळी झाली. पालखी दारावरून गेली, लोकांच्या लेखी आम्ही दुखवट्यात म्हणून आत बसलो. सगुणा खिडकीच्या फटीतून बघत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी परसात बांगडे उलटायला गेले. सगुणा माजघरात चटईवर निजली होती. आत आले तर चुलीवरचं फडकं नाही. तार नीट वेटोळं करून तुळईला बांधलेली, आणि वर तुझी गाठ. तुझी गाठ मी कुठेही ओळखीन. दोन वेढे, मधून फास आणि टोक आत गडप. वेढे उलटे, कारण तू डावरा. सोडू जावं तर टोकच सापडत नाही.

मला काय वाटलं ते लिहीत नाही. माजघर बघितलं, माळ्यावर खालून नजर टाकली, विहिरीकडं जाऊन आले. हाकही मारली. शेजारची माणसं बघायला लागली तेव्हा म्हटलं, मांजराला हाक मारतेय.

सगुणाला उठवून विचारलं, तू बांधलीस काय? "मी नाय गो आजी. माझा हात तरी पुरेल काय तिथं?" हात पुरत नाही हे खरं. मी कोयतीनं सुंभ तोडलं आणि तार परत होती तशी लोंबती सोडली. बघूच म्हटलं.

परवा दुपारी परत बांधलेली. यावेळी बांबूसकट. माळ्यावर तू पेरं फोडून ठेवलेले तुकडे आहेत ना, त्यातला एक उतरवून तार त्यात घातलेली आणि बांबू तुळईला तीन ठिकाणी बांधलेला. अजून चुलीपर्यंत पोचली नाही, पण तिकडं निघाली आहे.

वीजकंपनीच्या माणसाला बोलावलं. म्हटलं, बाबा, ही तार मुळापासून कापून टाक. तो तार कुठून येते ते शोधत घरभर फिरला. खांबांवरून हात फिरवला, वाशांना कान लावला, शेवटी घाम पुसत म्हणाला, "आजी, हे ज्यानं बांधलं त्यालाच विचारा. मला काय याचा सुगावा लागत नाय." मी म्हटलं, विचारतेच आहे, पोस्टानं.

मग मी आपली रीत केली. माणूस गेल्यावर दिव्यापाशी पीठ पसरून पाऊल बघतात, तसं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत तांदळाचं पीठ पसरलं. दुपारी जेवून परसात गेले, मुद्दाम अंमळ वेळ काढला. मनात म्हणत होते, पाऊल उमटू दे, मोठं, फताडं, अंगठा बाहेर वळलेला. तुझा पाय असाच, पायताणवाल्याच्या मापात कधी बसला नाही.

पाऊल उमटलं होतं. लहान. दुसऱ्या बोटापाशी जोडव्याचा ठसा.

पीठ पुसून टाकलं. सगुणाला काही बोलले नाही. आज तिच्या पानात भात तसाच राहिला.

येसू


रत्नागिरी
फाल्गुन वद्य नवमी

ती परक्याची पोर आहे. तिला वापरायची नाही.

आज परसात गेले नाही. बांगड्यांची पाटी तिथं ठेवली, पायातल्या वहाणा तिथंच काढल्या आणि मागच्या मागे येऊन धान्याच्या कणगीआड उभी राहिले. दुपार अशी की कुत्रंसुद्धा हलत नव्हतं. आपल्याकडं म्हणतात तेच खरं, भर दुपारची वेळ तिन्हीसांजेपेक्षा वाईट. उजेडात माणूस बेसावध असतं.

सगुणा चटईवर कुशीला निजली होती. उठली. डोळे उघडे होते. आधी ओटीवर गेली आणि विजेचा मोठा खटका खाली पाडून आली. बघ, एवढी काळजी तुलाच. ती पोर खटक्याला पदर गुंडाळून हात लावते, इतकी घाबरट. मग उखळ ओढून आणलं, वर पाट ठेवला, त्यावर चढली. तारेच्या टोकावरचं रबर दातांनी सोललं. तुझ्यासारखं, मान वाकडी करून, आणि चोथा बाजूला थुंकली. ओठातून रक्त आलं ते तिला कळलं नाही. सुंभ घेतलं. डाव्या हातानं दोन वेढे, मधून फास, टोक आत गडप.

ती उजव्या हाताची आहे. डाव्या हातानं तिला भाकरीसुद्धा उलटता येत नाही.

मी म्हटलं, सगुणे. हात चालूच. मग म्हटलं, केरू.

वळली. आवाज तिचाच, बारीक. म्हणाली, "आजी, हात लावू नकोस. आलो की लपवतो."

आलो म्हणाली.  ती काम पुरं करून उतरली, उखळ जागेवर लावलं, पाट पुसून उभा ठेवला आणि चटईवर जाऊन निजली. पसारा न ठेवण्याची खोड तुझी. तिला मी रोज पाट उचलायला ओरडते.

उठल्यावर मला म्हणते, "आजी, माझे हात कशानं गो झोंबतात?" तळवे सुंभानं सोलून निघाले आहेत. मी म्हटलं, बांगडे खारवलेस ना, मीठ लागलं असेल. खोबरेल लावून दिलं. मग सहज म्हणून सुंभाचा तुकडा दिला, म्हटलं, केरू बांधायचा तशी गाठ मार बघू. तिनं लाकडाची मोळी बांधतात तशी मारली. ओढली तर सुटली. हसली बिचारी. बऱ्याच दिवसांनी हसली.

ती वाळत चालली आहे, केरू. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जातात. काल मला म्हणाली, "आजी, मला दुपारचं निजायला भय वाटतं. निजलं नाय तर डोळे आपसूक मिटतात. मी पालीला जाऊ?" मी विचारलं, कसलं भय? म्हणाली, "उठल्यावर तोंडात रबराची चव असते."

भिकाजी परवा येऊन गेला. पालीच्या बाजारात दुकान असलेला एक बिजवर आहे, माणूस बरा आहे, पोरीला पाट लावून न्यायला तयार आहे. आपल्यात विधवेचा पाट लागतो, त्यात काही वावगं नाही. पण भिकाजी म्हणतो, "येसूबाय, कपाळी कुंकू असताना पाट कसा लावू? आणि कावळा शिवला नाय, तर ह्यो केरू माझ्या दारातसुद्धा येऊन उभा राहील." बरोबर बोलला. पोरगी पालीला गेली म्हणून तू सुटशील असं नाही. तिथं बांबू नसले तर तिच्या हातानं दुसरं काही बांधशील.

तुला तार लपवायची आहे ना? लपव. मी आडवी आले ती चूक की बरोबर ते देव बघेल. पण तिच्या हातानं नको.

आत्मारामाचं उत्तर नाही. पत्रं परत येत नाहीत, म्हणजे त्याला मिळतात.

येसू


रत्नागिरी
अमावास्या, पाडव्याच्या आदल्या दिवशी

शिवला. आता तरी खरं सांग, मी जे कबूल केलं तेच तुला हवं होतं काय?

आशीर्वाद लिहीत नाही. गेलेल्याला आशीर्वाद कोण देतं.

सकाळी भात शिजवला, दही घातलं, तीळ घातले आणि केळीच्या पानावर घेऊन भाट्याला गेले. एकटी. बायकांनी एकटं जाऊन पिंड मांडायचा नसतो. नसेना का. भटजींना बोलावून काय उपयोग, त्यांना तुझा स्वभाव माहीत नाही. पुळणीवर एक कोळीण जाळं निवडत होती. तिनं बघितलं आणि पाठ केली. शहाणी बाई.

पान मांडलं. कावळे तेच असावेत.

आधी म्हटलं, केरू, तुझी तार लपली. चुलीपर्यंत बांबू पोचला, मी कोयती लावली नाही. कावळा मान वाकडी करून बघत राहिला. म्हटलं, चुलीवर बत्ती लावून घेईन, तू म्हणत होतास ना की आजी धुरानं आंधळी होईल. बत्तीखाली भाकरी थापीन. कावळ्यानं चोच पुसली. म्हटलं, पाया पडला नाहीस ते मी मनातून काढलं. हे बोलायला मला जड गेलं. त्यानं तर पाठच फिरवली.

ऊन वर आलं. भात सुकायला लागला. गुडघे वाळूत रुतले होते, उठता येईना. मला राग आला. म्हटलं, मेल्या, लहानपणी हट्ट करायचास तेव्हासुद्धा काय हवं ते कधी तोंडानं सांगितलं नाहीस. समोरच्यानं ओळखायचं. तर ऐक. काम उरलंय आणि तुला हात नाहीत, समुद्रानं ठेवले नाहीत. म्हणून पोरीचे घेतलेस. तिचे सोड. तिला परत हात लावायचा नाही, पालीत नाही, कुठंच नाही. हात पाहिजेत तर माझे घे. म्हातारे आहेत, पण तुझ्या ओळखीचे आहेत.

बोलणं तोंडातून पुरतं बाहेर पडलं नाही तोच कावळा खाली उतरला. चालत आला. उडत नाही, चालत. मधला गोळा चोचीत घेतला, माझ्याकडं बघितलं आणि माझ्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर उभा राहून खाल्ला.

घरी येऊन सगुणाचं कुंकू मी पुसलं. गंगुबाईला पुसू दिलं नाही. खोबरेलाचं बोट लावून हळू पुसलं, खरवडलं नाही. बांगड्या फोडल्या नाहीत, आपोआप हातातून निघाल्या. पोरगी रडली, मग जेवली. बऱ्याच दिवसांनी दोनदा भात घेतला. दुपारी निजली ती तिन्हीसांजेला मी उठवेपर्यंत कूससुद्धा बदलली नाही. तळव्यांवर खपली धरली आहे.

उद्या भिकाजी तिला न्यायला येतो. पाट वैशाखात. आमच्याकडं यंदा गुढी नाही.

बरा राहा म्हणायचं होतं, पण ते तरी कसं म्हणू.

येसू


रत्नागिरी
चैत्र वद्य तृतीया, शके १८६०

मी इतकं काही कबूल केलं नव्हतं. चुलीपर्यंतचं काम म्हटलं होतं.

सगुणा पालीला सुखरूप आहे. भिकाजी बाजाराच्या माणसाबरोबर निरोप धाडतो. दुपारी निजते, तोंडात चव येत नाही, अंगावर मूठभर मांस आलं. बिजवरानं तिला हिरवं लुगडं धाडलं. तिकडं तू गेला नाहीस. शब्द पाळलास म्हणायचा.

घरात मी एकटी. चुलीवर बत्ती लागली, वीजकंपनीचाच माणूस लावून गेला. बांबू बघून म्हणाला, "आजी, हे काम कोणी पुरं केलं? सुरेख आहे." मी म्हटलं, घरच्यानंच.

मला वाटलं संपलं. आठ-दहा दिवस खरंच काही नव्हतं. मग एके दुपारी जरा आडवी झाले आणि उठले तो गुडघे ठणकत होते, चढउतार केल्यासारखे. म्हटलं, वय आहे. दुसऱ्या दिवशी उखळ जागेवर होतं, पण त्याच्याखालची शेणाची जमीन ओरखडलेली. तिसऱ्या दिवशी मागीलदाराच्या चौकटीला बांबू. चुलीपासून दारापर्यंत, वाशाआडून, असा बेमालूम की भांडी घासताना डोकं वर केलं म्हणून दिसला. चार गाठी. उलटे वेढे.

आता दाराबाहेर गेला आहे. परसातल्या माडाला बांधलेला. माडाच्या पुढं कुंपण, कुंपणाच्या पुढं वाट, आणि वाट कुठं जाते ते तुला ठाऊक आहे.

माळ्यावर मी तुझ्या लग्नानंतर चढलेली नाही. पण खालून दिसतं, तिथले बांबू संपत आले आहेत. काल गंगुबाई कुंपणापलीकडून विचारत होती, "येसूबाई, भर दुपारी माडाला काय बांधत होतात? मी हाक मारली तर बघितलंत पण ओळख दिली नाहीत." मी म्हटलं, भोपळ्याचा वेल चढवतेय. ती म्हणाली, "आणि हात कसला झपझप चालतो हो तुमचा, डावा." तिला सांगितलं, डोळे तपासून घे.

आंघोळीला बसले तेव्हा डाव्या हाताच्या नखांत काथ्या होता. पाचही बोटांच्या. दातांत रबराचा कण.

मी भीत नाही. भिऊन माझं काय जाणार आहे, जायचं ते सगळं गेलं. शब्द दिला तो दिला, हात तुझे. पण माणसानं एवढं तरी सांगावं की काम कुठवर आहे. समुद्रापर्यंत तार नेऊन तिथं कोणाला उजेड दाखवायचा आहे? का मला बोलवायचं आहे? बोलवायचं असेल तर तसं म्हण, मी चालत येईन. बांबू कशाला वाया घालवतोस.

थांबले होते. वरच्या दोन ओळी लिहिताना टाक डाव्या हातात गेला होता. उजव्यात घेतला. अक्षर बघ, त्या दोन ओळींचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

आता पुढचं आत्मारामासाठी. आत्माराम, ही पत्रं तू फोडून वाचतोस आणि गप्प बसतोस. आता गप्प बसायचं नाही. तू त्याच्या शेजारी बिछाना टाकायचास. आगबोटीवर तो रात्रीबेरात्री काय बडबडायचा, परत आल्यावर तार कुठवर नेणार म्हणायचा, ते आठवून लिही. कुठंही म्हणाला असेल तर तेवढी जागा मला सांग, म्हणजे मीच उरलेले बांबू जागेपणी बांधून टाकते आणि सुटते. काहीच म्हणाला नसेल तर तसंही लिही. सगुणाला यातलं एक अक्षर कळवायचं नाही, वैशाखात काय किंवा नंतर काय. तिच्या दारावरून गेलास तरी सांगायचं, आजी ठणठणीत आहे, भांडते आहे.

आणि उत्तर तू स्वतः लिहायचं, आत्माराम, तुझ्या हातानं, वर पोस्टाचा शिक्का दिसेल असं. केरूनं लिहायचं नाही. तो लिहील तर माझ्याच हातानं लिहील, आणि मी ते मुंबईहून आलं समजून वाचत बसेन.

येसू